इरूची बरणी

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी आंटींचा भाचा बसने एक बरणी घेऊन आला. बरणी दोन पिशव्यांत गुंडाळलेली, पिशव्यांच्या तोंडाला गाठ, वरून त्याचा मफलर. तरीही शेजारची जागा शेवटच्या थांब्यापर्यंत रिकामीच राहिली म्हणाला. चौघांबरोबर तो भाड्याच्या घरात राहायचा. त्या सकाळी फ्रिजवर चिठ्ठी चिकटवलेली होती : आत काय मेलंय ते कृपया कोणीतरी बघावं.

मेलेलं काही नव्हतं. बरणीत इरू होता.

मी तेव्हा आग्नेय लंडनमधल्या पेकममध्ये आंटींच्या घरी एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. पेकमला लोक ‘छोटं लागोस’ म्हणतात, आणि राय लेनवरून एक चक्कर मारली की का ते कळतं. याम, भाजीची मोठी केळी, खोक्यांतून उभे केलेले सुके मासे, त्यांच्या शेजारी मोबाइल दुरुस्त करणारा, त्याच्या डोक्यावर माडीवर चर्च. आंटी योरुबा, इबादानच्या. 1979 साली नर्सिंग शिकायला आल्या आणि जन्मभर रात्रपाळ्या करून निवृत्त झाल्या. भाचा इथलाच, सव्वीस वर्षांचा. आंटी आपली बाजू घेणार, याची खात्री असल्यामुळेच तो बरणी घेऊन आला होता.

दोघांचं बोलणं इंग्रजीत, मधूनमधून योरुबा. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. पण योरुबात वडीलधाऱ्यांशी आपल्यासारखंच आदरार्थी बहुवचनात बोलतात. म्हणून भाच्याच्या तोंडी मी ‘तुम्ही’ घातलं आहे. ते माझ्या पदरचं नाही.

आंटी : बरणी आधी बाहेर गॅलरीत ठेव. मग काय ते बोल.

भाचा : तुम्हीसुद्धा?

आंटी : मीसुद्धा म्हणजे काय? मला नाक आहे.

भाचा : आंटी, ही इरूची बरणी आहे. तुमच्या आईच्या घरात रोज असायची ती.

आंटी : आईच्या घरात होती. आईच्या घराला मागे अंगण होतं, चूल अंगणात होती आणि खोल्यांना चारी बाजूंनी वारा होता. तुझ्या घरात किती खिडक्या उघडतात?

भाचा : स्वयंपाकघरातली एक. अर्धी.

आंटी : झालं तर.

इरू म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढच्या भांडणात मजा नाही. सेनेगलपासून नायजेरियाच्या पुढेपर्यंत सवानाच्या पट्ट्यात पार्किया बिग्लोबोसा नावाचं मोठं झाड उगवतं. मंगो पार्क हा स्कॉटिश प्रवासी अठराव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम आफ्रिकेत फिरला, त्याच्यावरून झाडाच्या गोताला ‘पार्किया’ हे नाव मिळालं. मुंबई-पुण्यात शोभेसाठी लावतात ते चेंडूफळ याच गोतातलं. झाडाच्या शेंगेत पिवळा गोड गर असतो, तो पोरं तसाच खातात. बी मात्र खड्यासारखी. ती बारा-बारा तास, कधी अख्खी रात्र उकळायची. मग राखेबरोबर पायांनी तुडवून किंवा उखळात कांडून साल काढायची, धुवायची, पुन्हा उकळायची आणि पानं घातलेल्या टोपलीत दोन-तीन दिवस उबेला झाकून ठेवायची. हे सगळं बायकांचं काम. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू त्या उबेत बियांमधली प्रथिनं फोडतो. त्याच जातीचा जिवाणू जपानात सोयाबीनचा नात्तो करतो. प्रथिनं फुटली की चव सुटते आणि तिच्याबरोबर अमोनियाही सुटतो. हौसा लोक याला दवादवा म्हणतात, बंबारा सुंबाला, वोलोफ नेतेतु, बेनिनमधले फोन लोक अफितिन. योरुबांमध्ये त्याचे पुन्हा दोन प्रकार : अख्ख्या दाण्यांचा इरू वोरो आणि मऊ लगद्याचा इरू पेते.

वासाबद्दल मी खोटं बोलणार नाही. पहिल्यांदा बरणीत नाक घातलं तेव्हा मला गोठा आठवला, आणि भिजत घालून विसरलेले वाल. पण तोच इरू गरम पामतेलात कांद्यावर पडला की दोन-तीन मिनिटांत त्याचा सूर बदलतो. पातेल्याच्या कडेला लागलेला मटणाचा रस्सा असतो ना, तिकडे जातो. फक्त ती दोन-तीन मिनिटं काढावी लागतात, आणि भिंतीपलीकडच्याला फोडणीचा शेवट कळत नसतो. तो सुरुवातच हुंगतो.

भाचा : त्यांच्या फ्रिजमध्ये निळ्या बुरशीचं चीज आहे. त्यावर कोणी चिठ्ठी लावत नाही.

आंटी : आलं चीज! मी वाटच बघत होते. हे चीज तुम्ही पोरं प्रत्येक भांडणात काढता. अरे, चीज थंड खातात. त्याचा वास ताटलीपुरता असतो. इरू उकळत्या तेलात पडतो, वाफेबरोबर पडद्यात जातो, कोटात जातो, लिफ्टमध्ये जातो. या दोन वासांची बरोबरी नाही. चांगला मुद्दा मांडायचा तर चांगलं उदाहरण शोध.

भाचा : बरं. बेकन. रोज सकाळी बेकन तळतात. माझ्या कोटाला बेकनचा वास येतो. मला कोणी विचारलं?

आंटी : हं. हे जरा बरं आहे.

भाचा : आणि कायदाही माझ्या बाजूने आहे. मी वाचलंय. 1990 चा पर्यावरण संरक्षण कायदा. वासाचा उपद्रव म्हणून जे कलम आहे, ते कारखाने, दुकानं, धंद्याच्या जागा यांना लागू आहे. घरच्या स्वयंपाकाला नाही.

आंटी : कायदा तुझ्या शेजारच्या खोलीत झोपतो का? मग?

भाचा : 2017 मध्ये केंटमधल्या एका घरमालकाने भारतीय-पाकिस्तानी भाडेकरू नकोत असं एजंटांना कळवलं. का? तर म्हणे करीचा वास घरातून जात नाही. मेडस्टनच्या कोर्टाने ते बेकायदा ठरवलं. (माझ्याकडे बघून) तुम्हाला आठवत असेल.

मला आठवत होतं. पण त्या क्षणी मला केंट नाही, आमची ठाण्याची सोसायटी आठवली. आई जवळा भाजायची तो रविवारी कधीच नाही. रविवारी शेजारी घरात असत. ती मंगळवारी भाजायची, दुपारी, सगळे कामाला गेल्यावर, आणि मागून लगेच धूप जाळायची. मला वाटायचं, मंगळवारचा आणि जवळ्याचा काही धार्मिक संबंध असेल. उलट आमच्या नात्यातल्या बऱ्याच घरांत मंगळवारी मासे चालतच नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, आमच्याकडे तर हे आपल्याच माणसांत चालतं. नागालँडचे लोक सोयाबीन आंबवून आखुनी करतात, इरूच्या जवळचाच पदार्थ. 2007 मध्ये दिल्लीच्या पोलिसांनी ईशान्येकडून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका काढली. चोरांपासून, छेडछाडीपासून सावध कसं राहायचं वगैरे. त्यातच आखुनी आणि आंबवलेले बांबूचे कोंब शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवावेत, असाही सल्ला होता. पुढे या वासावरच ‘आखुनी’ नावाचा सिनेमा निघाला. दिल्लीतल्या भाड्याच्या घरात काही मित्र लग्नाच्या जेवणासाठी आखुनी घातलेलं मांस शिजवायला दिवसभर जागा शोधतात, एवढीच गोष्ट.

आंटींना याचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही. भाच्याला वाटलं, आणि त्याला आणखी बळ आलं.

भाचा : बघा, पोलीस सांगतात काय शिजवायचं! हे सगळं असंच सुरू होतं. आधी वास, मग माणूस. 1991 मध्ये शिराक काय बोलले? तेव्हा ते पॅरिसचे महापौर होते. ऑर्लेआंच्या सभेत म्हणाले की बिचाऱ्या फ्रेंच कामगाराच्या शेजारी स्थलांतरितांचं मोठं कुटुंब, सरकारी भत्त्यांवर जगणारं, आणि त्यात भर म्हणजे त्यांचा आवाज आणि वास. वेडाच होईल तो कामगार! चार वर्षांनी तेच राष्ट्राध्यक्ष झाले.

आंटी : माहीत आहे. माझी बहीण तेव्हा पॅरिसला त्याच गूत दोर वस्तीत राहायची, ज्या वस्तीचं त्यांनी नाव घेतलं. तुला त्या भाषणावरचं गाणं माहीत असेल, मला त्या महिन्यातले तिचे फोन माहीत आहेत.

भाचा : मग तरी तुम्ही...

आंटी : मग तरीच. ऐक. ते भाषण वासाबद्दल नव्हतंच. त्यांना ती माणसं नको होती, वास हाताशी होता. तुझ्या फ्रिजवरची चिठ्ठी कशाबद्दल आहे? तुला ठाऊक नाही. मलाही नाही. चार पोरांना खरोखर वाटलं असेल की काहीतरी मेलंय. दोन्ही गोष्टी एका पिशवीत कोंबू नकोस.

भाचा : आणि वेगळ्या कशा करायच्या? कपाळावर लिहिलेलं असतं का?

आंटी : विचारायचं. ‘पुढच्या रविवारी दुपारी, तुम्ही कोणी घरात नसताना, खिडकी उघडी ठेवून मी हे शिजवणार आहे. चालेल का?’ बस. ‘हो’ म्हणाला तर त्याला वासाचा त्रास आहे. घरात नसतानाही ‘नाही’ म्हणाला, तर त्याला दुसऱ्याच कशाचा तरी त्रास आहे. मग भांड. मग मी येते तुझ्याबरोबर भांडायला.

इतकं साधं माप मी या विषयावर कुठे ऐकलं नव्हतं. भाच्यालाही ते लागलं असावं. पण तो हरायला आला नव्हता.

भाचा : म्हणजे परवानगी मीच मागायची. बेकनवाला मागणार नाही.

आंटी काही बोलल्या नाहीत. उठून त्यांनी कांदा घेतला आणि चिरायला बसल्या. मला वाटतं, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. घर पाचांचं, भाडं पाचांनी सारखं भरलेलं, आणि दिलगिरीने बोलायचं मात्र एकानेच. या मुद्द्यावर मी भाच्याच्या बाजूची आहे, आणि आंटींच्या मापाचं कौतुक करूनही आहे.

कांदा चिरता चिरता त्या जे बोलल्या, ते भाच्याने आधी कधी ऐकलेलं नव्हतं.

त्या काळी पश्चिम आफ्रिकेतून शिकायला आलेली जोडपी आपली लहान मुलं गोऱ्या कुटुंबांकडे पैसे देऊन सांभाळायला ठेवत. ‘नर्सरी वर्ल्ड’ नावाच्या नियतकालिकात त्यासाठी जाहिराती छापून येत. पन्नाशीच्या दशकात हे सुरू झालं आणि कित्येक वर्षं चाललं. दिवसा वर्ग, रात्री काम, आजी पाच हजार किलोमीटरवर. करणार काय? आंटींनीही आपला मुलगा दोन वर्षांचा असताना दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बाईंकडे ठेवला. बाई चांगल्या होत्या, हे त्यांनी दोनदा सांगितलं. महिन्यातून एकदा भेटायला जायच्या. सहाव्या वर्षी मुलगा घरी आला. आंटींनी त्या दिवशी त्याच्यासाठी एफो रिरो केला. पालेभाजीचा दाट रस्सा, त्यात भरपूर इरू.

आंटी : त्याने नाक नाही दाबलं. दाबलं असतं तर मी एक धपाटा दिला असता आणि विषय संपला असता. तो फार सभ्यपणे म्हणाला, ‘मम्मी, मला वाटतं काहीतरी खराब झालंय.’ अगदी त्या बाईंच्या आवाजात.

भाचा : मग?

आंटी : मग चार वर्षं या घरात इरू शिजला नाही. मॅगी टाकायचे.

(मराठी वाचकांसाठी : नायजेरियात मॅगी म्हणजे शेवया नव्हेत. रश्शात कुस्करायची चौकोनी वडी.)

भाचा : म्हणजे तुम्हाला लाज वाटली.

आंटी : लाज मी इथे शिकले असं तुला वाटतं? इबादानला शाळेत असताना ज्या मुलीच्या गणवेशाला इरूचा वास यायचा, तिच्याजवळ आम्ही बसत नव्हतो. पाहुणे यायचे म्हटलं की आई इरूची बरणी मागच्या दाराबाहेर ठेवायची आणि मॅगीचा डबा पुढच्या फळीवर. लंडन तेव्हा मी नकाशातसुद्धा नीट पाहिलेलं नव्हतं.

भाचा : पण आता तर लागोसच्या लग्नांत ओफाडा भाताचा वेगळा काउंटर असतो. पानात बांधलेला भात, वर इरू घातलेला रस्सा.

आंटी : हो, आता असतो. ओफाडा खेड्यातला गरिबांचा खड्यांचा भात होता. श्रीमंतांनी खायला घेतला तेव्हा त्याचा वास ‘अस्सल’ झाला. नाक तेच, तांदूळ तोच. म्हणून मला तुझ्या अभिमानाची जरा भीती वाटते. मी लाजेने इरू लपवला, तू अभिमानाने शेजाऱ्याच्या नाकाखाली धरतोस. दोघांनीही जेवणाचा विचार केला नाही. ही बरणी तू आणलीस, तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवलीस. एकदा तरी शिजवलास का?

भाचा गप्प.

आंटी : खरं सांग.

भाचा : मला नीट येत नाही.

हे ऐकून मला हसू आलं आणि त्याचा रागही आला. इतका वेळ मी त्याला मनातल्या मनात पाठिंबा देत होते, आणि गडी लढत होता तो न शिजवलेल्या रश्शासाठी! पण मग आठवलं, मलाही जवळा भाजता येत नाही. धुपाचं मात्र सगळं नीट आठवतं.

पुढचा तास वादाचा नव्हता. आंटींनी गॅलरीतून बरणी आत आणली. इरू आधी चाळणीत दोनदा धुवायचा, निम्मा वास पाण्याबरोबर जातो आणि खडेही निघतात. एकदम सगळा वापरायचा नाही. चमचा-चमचाभर पुड्या बांधून, त्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवायच्या. गोठलेला इरू बोलत नाही, हे त्यांचे शब्द. आधी पामतेल आणि कांदा, मग इरू, त्याच्यावर लगेच वाटलेली लाल ढोबळी आणि अतारोदो ही जहाल मिरची, आणि झाकण. झाकण महत्त्वाचं. उघड्या पातेल्यात इरू परतणाऱ्याला त्या ‘यूट्यूबवाले’ म्हणतात.

मग पालेभाजी. राय लेनवरून आणलेली जुडी त्यांनी पिशवीतून काढली आणि मी ओरडलेच, कारण ती कुरडू होती. पावसाळ्यात आमच्याकडे रानभाजी म्हणून खातात ती. योरुबात तिला शोको म्हणतात. दुसरी चालते ती तेते, म्हणजे माठाचीच बहीण. मी त्यांना सांगितलं, बुर्किना फासोमध्ये अंबाडीच्या बिया अशाच आंबवून बिकाल्गा करतात आणि आमच्याकडे अंबाडीची भाजी घरोघर होते, पण बियांचं असं काही करायचं आम्हाला सुचलं नाही. आंटी म्हणाल्या, इग्बो लोक तर एरंडीच्या बियांचा ओगिरी करतात. जी बी कच्ची खाल्ली तर माणूस मरतो, तीच ते उकळून, आंबवून रश्शात घालतात. इग्बोंपुढे आपला इरू म्हणजे अत्तर. योरुबा आणि इग्बो यांच्यात हे चालायचंच, त्यामुळे त्यांच्या वक्तव्यातून थोडं वजा करून घ्यावं.

सुका मासाही पडला, तो तर नॉर्वेचा. उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवर हिवाळ्याच्या शेवटी कॉड मासे लाकडी मांडवांवर टांगून नुसत्या थंड वाऱ्यात वाळवतात. वरच्या प्रतीचा माल इटलीला जातो आणि डोकी बहुतेक नायजेरियाला. बियाफ्राच्या युद्धात, 1967 ते 1970 मध्ये, मदत म्हणून तो मोठ्या प्रमाणावर आला आणि कायमचा झाला.

भाचा : म्हणजे हा वास तर युरोपचाच.

आंटी : सांग तुझ्या चौघांना. लोफोटेनहून आलाय म्हण.

रस्सा उकळत असताना धुराची घंटा वाजली नाही, हे मुद्दाम नोंदवते. ती याआधी दोनदा वाजली होती, आणि दोन्ही वेळा कारण इरू नव्हता. हिरव्या मिरचीच्या आयामासे रश्शासाठी लाल पामतेल तापवून तापवून त्याचा रंग घालवावा लागतो, त्या धुराने वाजली होती. जिन्यात सगळे म्हणाले, आफ्रिकन वास. खरं म्हणजे तो करपत्या तेलाचा वास. कुठलंही तेल इतकं तापवलं तर तसाच येईल.

जेवताना भाच्याने दोनदा वाढून घेतलं. मग बोटं पुसत पुन्हा मुद्द्यावर आला.

भाचा : तरी मला पटलेलं नाही. कायम वेळ बघायची आपणच, खिडकी उघडायची आपणच, पुड्या बांधायच्या आपणच.

आंटी : नको पटू दे. पण विचारून बघ. आणि ऐक, विचारताना ‘सॉरी’ने सुरुवात करायची नाही. त्यांना वार आणि वेळ सांग. दवाखान्यात आम्ही ड्युटी लावायचो ना, तशी.

संध्याकाळी जाताना त्याने एक पुडी फॉइलमध्ये बांधून घेतली. बरणी इथेच ठेवली.

पुढच्या बुधवारी त्याचा आंटींना फोन आला. घरातल्या तिघांनी ‘हो’ म्हटलं होतं, त्यातल्या एकाने तर ‘आम्हाला ठेवशील का थोडं’ असंही विचारलं होतं. चौथ्याने निरोप वाचला होता, उत्तर दिलं नव्हतं.

मी मार्चअखेर पेकम सोडलं. तोपर्यंत चौथ्याचं उत्तर आलेलं नव्हतं, आणि बरणी आंटींच्या गॅलरीत होती.